वाटणीची गाय आणि सावड

लोणावळ्यात पावसाळा लागला की खोल्या भाड्याने देणारे शनिवार-रविवारकडे डोळे लावून बसतात. मी बसत नाही. धरणावर भिजायला येणारी पोरं मला माझ्या गच्चीवरच्या खोलीत नकोत. त्यांचे ओले टॉवेल नकोत आणि त्यांची गाणी तर मुळीच नकोत. योगाच्या वर्गांसाठी महिना-दोन महिने राहणारी परदेशी माणसं मला चालतात. ती लवकर झोपतात, आणि त्यातलं कुणी रशियन बोलणारं निघालं तर माझी चंगळ होते.

रशियन मी तरुणपणी पुण्यात शिकले. तेव्हा एका कारखान्यात तिकडून आलेली यंत्रं होती आणि त्यांच्या माहितीपुस्तकांचं भाषांतर करायला माणूस हवा होता. मला नोकरी लागली. आमच्या वस्तीतली मुलगी खुर्चीत बसून रशियन वाचते याचं माझ्या वडिलांना, म्हणजे आबांना, इतकं कौतुक की घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्यासमोर मला एखादं वाक्य म्हणून दाखवावं लागे. पाहुण्याला काही कळत नसे, तरी आबा मान डोलवत. मग तो देशच फुटला. सुटे भाग येईनासे झाले, यंत्रं एकेक करून झाकून ठेवली गेली आणि माझं टेबल भांडार विभागात हलवलं. उरलेली सगळी नोकरी मी नटबोल्टांच्या खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत काढली. तिकडे एक राज्य मोडलं आणि त्याची झळ कान्हे स्टेशनावर रोज सकाळी पुण्याची गाडी धरणाऱ्या बाईला लागली, हे मी सांगते तेव्हा लोकांना मी गंमत करतेय असं वाटतं.

गेल्या पावसाळ्यात बल्गेरियाची एक बाई दोन महिन्यांसाठी राहायला आली. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान, उंच, गुडघ्यांनी बेजार. पेशाने गुरांची डॉक्टर. पहिल्याच दिवशी मी तिला मोठ्या ऐटीत रशियनमध्ये विचारलं, चहा घेणार का? तिचा चेहरा कडू झाला.

"ही भाषा मी तीस वर्षांत तोंडातून काढलेली नाही," ती म्हणाली. रशियनमध्येच म्हणाली, कारण तिचं इंग्रजी बेताचं आणि माझं बल्गेरियन शून्य. तिला ती भाषा शाळेत सक्तीने शिकवलेली, मी हौसेने शिकलेली. तिच्या नावडीच्या आणि माझ्या आवडीच्या भाषेत आमच्या गप्पा सुरू झाल्या. माझं व्याकरण तिच्यापेक्षा चांगलं होतं, आणि हे मी तिला दोनदा तरी सुनावलं.

आता वडिवळ्याचं सांगायला हवं. तिथे आमची दोन एकर भातखाचरं आहेत. माझा धाकटा भाऊ ती कसायचा. तो आदल्या वर्षी गेला. भावजय एकटी राहिली. मुलगा चाकणला कंपनीत, त्याला लावणीला दोन दिवसही सुटत नाहीत. पूर्वी डोंगराकडच्या बाया मजुरीवर लावणीला यायच्या, त्या आता बंगल्यांमध्ये आणि रिसॉर्टांवर कामाला जातात. रोप तयार होऊन उभं होतं आणि लावायला हात नव्हते.

गुरं बघायची आहेत म्हणून पाहुणीला घेऊन मी एका रविवारी वडिवळ्याला गेले, त्याच दिवशी शेजारच्या शेतातली मावशी आमच्या पडवीत आली. मावशी गावातल्या मोठ्या शेतकरी घरातली, सत्तरी ओलांडलेली, अजून ताठ. तिने बसायला दिलेली खुर्ची बाजूला सारली आणि खालीच बसली.

"औंदा सावडीत या तुमी," ती म्हणाली. "आमच्यात बी मानसं कमी पडत्यात. समदी मिळून एकेकाचं उरकू."

सावड म्हणजे असं, की आज सगळ्यांनी माझ्या शेतात राबायचं, उद्या सगळ्यांनी तुझ्या. मजुरी कुणी देत नाही, कुणी घेत नाही. ज्याच्या शेतात काम त्याच्या घरचं जेवण. गावातल्या शेतकऱ्यांची ही रीत जुनी आहे. आम्ही तिच्यात कधीच नव्हतो.

कारण आबा. आबांच्या वडिलांना गावचं बोलावणं आलं की हातातला घास टाकून जावं लागे. सांगावा पोचवायचा, मेलेलं जनावर ओढायचं, कुणाच्याही शेतात फुकट राबायचं, आणि वर हात जोडायचे. छप्पन साली आमचं घर बौद्ध झालं तेव्हा आबा विशीतले होते. त्यांनी त्या दिवसापासून ठरवलं की मजुरी घेतल्याशिवाय दुसऱ्याच्या बांधावर पाय ठेवायचा नाही आणि मजुरी दिल्याशिवाय कुणाचा हात आपल्या खाचरात लागू द्यायचा नाही. हे आम्हा भावंडांच्या अंगात इतकं मुरलंय की शेजाऱ्याने मोटारसायकलवर स्टेशनपर्यंत सोडलं तरी माझा हात पर्सकडे जातो.

"मावशी, आबांनी सावडीला कायम नाही म्हटलं," मी म्हणाले. "त्यांच्यामागे आम्ही कसं मोडायचं?"

"बरं. इचार करून सांग. रोप काय तुज्यासाठी थांबायचं न्हाई," असं म्हणून मावशी निघून गेली.

भावजय माझ्यावर कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढवला. "ताई, तुमी जाल लोनावळ्याला. हितं रोप जून व्हईल ते माज्या डोळ्याम्होरं. सावडीला हो म्हना, न्हाई तर तुमी मानसं आना!"

मी कुठून आणणार होते माणसं? पण घरात मोठी मीच, आबांचा शब्द राखायचा तो मीच, त्यामुळे हो किंवा नाही माझ्याच तोंडून यायचं होतं. नाही म्हटलं तर त्या वर्षीचं भात गेलं, आणि हो म्हटलं तर आबा गेले. मला तरी तेव्हा असंच वाटत होतं.

पाहुणीने विचारलं, कशावरून भांडताय? मी सगळं सांगितलं, आजोबांपासून. हिला पटणार याची मला खात्री होती, कारण हिच्या वडिलांची जमीन कम्युनिस्ट राज्यात दम देऊन सही घेऊन सामुदायिक शेतात घातली होती, हे तिने आधी एकदा सांगितलं होतं. सक्तीने सगळ्यांबरोबर राबणं काय असतं ते हिला कळायलाच हवं.

ती गोठ्यातल्या म्हशीच्या कानामागे खाजवत बोलायला लागली.

ते राज्य कोसळलं तेव्हा ती त्या सामुदायिक शेतावरच गुरांची डॉक्टर होती. शेत मोडायचं की ठेवायचं यावर शाळेत सभा झाली. मोडा म्हणून पहिला हात तिने वर केला. जमिनी परत मिळाल्या. गुरांच्या चिठ्ठ्या काढल्या, एका बाईच्या डोक्याच्या रुमालात टाकून. तिच्या वाटणीला एक गाय आली. त्या गायीचं पहिलं वासरू हिनेच ओढून काढलं होतं. पण घरी गोठा नव्हता, चारा नव्हता. चारा सगळा सामुदायिक कोठारात होता आणि कोठाराची कौलं, दारं, खिडक्या लोकांनी आठवड्यात काढून नेल्या होत्या. पावसाने वैरण कुजली. हिवाळा अर्धा सरला नाही तोवर गावाने गायी कापल्या. हिनेही कापली.

"तुला पस्तावा होतो?" मी विचारलं.

"नाही. उद्या सभा भरली तर मी पुन्हा हात वर करीन." तिने म्हशीच्या पाठीवर थाप मारली. "पण त्यानंतरचं ऐक. माझ्याकडे जमीन होती आणि बियाणं होतं. शेजाऱ्याकडे ट्रॅक्टर होता. मी त्याला विचारलं नाही, त्याने मला विचारलं नाही. दोघं मिळून काम करायचं म्हटलं की लोकांना वाटायचं, आलं पुन्हा ते राज्य. माझं शेत गवताने भरलं. त्याचा ट्रॅक्टर गंजला. माझी मुलगी स्पेनला दुसऱ्याच्या शेतातल्या स्ट्रॉबेऱ्या तोडायला गेली. शाळा बंद झाली. आता गावात नऊ म्हातारी माणसं आहेत आणि प्रत्येकाच्या घराभोवती चांगलं भक्कम कुंपण आहे."

"म्हणजे मी हो म्हणावं असं तुझं म्हणणं आहे."

"मी तुला काहीच म्हणत नाही. मी माझ्या गायीचं सांगतेय."

मला तिचा असा राग आला की परत येताना रिक्षात आणि मग गाडीत मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही. दोन महिन्यांची पाहुणी, हिला आमचं काय माहीत? कुठे तिचं राज्य आणि कुठे आमची गावकी. तिच्या गावात कुणी तिच्या सावलीला भ्यालं नव्हतं. लोणावळ्यात उतरेपर्यंत मी मनातल्या मनात तिला बरंच बोलून घेतलं, तेही शुद्ध रशियनमध्ये. आणि घरी येऊन भावजयीला फोन केला की मावशीला हो सांग, पण अट आहे. आधी सगळ्यांनी आपल्या खाचरात यायचं. मग आपण जाऊ.

मावशीचा उलट निरोप आला, बुधवारी येतो.

आता जेवणाचा प्रश्न होता. सावडीत घरधनिणीने जेवण द्यायचं. मी लहान होते तेव्हाची आमच्याकडची लग्नं मला आठवतात. गावातली शेतकरी मंडळी यायची, आहेर करायची, पान-सुपारी घ्यायची, आणि पंगत बसायची वेळ झाली की सगळ्यांना एकदम कामं आठवायची. आई वाढलेली पानं उचलायची ते मी पाहिलंय. ते मला पुन्हा बघायचं नव्हतं. म्हणून मी कामशेतच्या एका खानावळीत पुरीभाजीचे बंद डबे सांगितले. भावजय म्हणत होती, मी पहाटे उठून करते की सगळं. मी तिला गप्प केलं. म्हटलं, कुणाला नाही म्हणायची पाळीच यायला नको.

बुधवारी मावशी धरून आठ बाया आल्या, दोन पुरुष पॉवर टिलर घेऊन चिखलणीला आले. पाऊस संथ पडत होता. पाहुणी छत्री धरून बांधावर उभी होती. थोड्या वेळाने तिने छत्री मिटली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि रोपाच्या मुठी वाहायला लागली. तिला बघून बाया खूप हसल्या. बारापर्यंत मोठी दोन खाचरं लावून झाली. इतक्या लवकर ती कधी झालेली मी पाहिली नव्हती, आणि मला आनंद झाला, लपवता येईना इतका.

मग सगळ्याजणी पडवीत येऊन बसल्या आणि मी डबे वाटले.

मावशीने डबा हातात फिरवून बघितला. "चूल पेटली न्हाई व्हय गं आज?"

भावजय माझ्याकडे बघायला लागली. "म्हटलं, तुम्हाला अडचण नको," मी म्हणाले.

"कसली अडचन?"

दोन बायांनी आपापले घरचे डबे आणले होते, त्या खाली मान घालून ते उघडत होत्या. म्हणजे माझं अगदीच चुकलं नव्हतं. पण बाकीच्या सहाजणींनी काही आणलं नव्हतं. त्या सकाळपासून चिखलात वाकल्या होत्या, आमच्या घरच्या जेवणाच्या भरवशावर, आणि मी त्यांच्या हातात हॉटेलचं ठेवलं होतं.

"भाकर हाय का घरात?" मावशीने भावजयीला विचारलं.

भावजय पळत आत गेली. सकाळी स्वतःपुरत्या थापलेल्या दोन भाकरी आणि सुकटीची चटणी घेऊन आली. मावशीने भाकरीचा अर्धा तुकडा मोडून घेतला, चटणी लावली आणि खाल्ला. आणखी एकीने पाव भाकरी घेतली. बाकीच्यांनी पुऱ्या खाल्ल्या.

खाऊन झाल्यावर मावशी माझ्याजवळ सरकली.

"तुज्या आबाला मी चांगली वळकत व्हते, पोरी. त्येंनी सावडीला न्हाई म्हनलं, म्हंतीस?"

"हो. कायम."

"न्हाई म्हनायला आदी कुनी इचारावं लागतं." तिने हात पदराला पुसले. "त्येंला कुनी इचारलंच न्हवतं कदी. माज्या सासऱ्यानं न्हाई, मालकानं न्हाई. म्या बी न्हाई. मानसं सरली तवा आले तुमच्या दारात."

मला रडू आलं. राग पण आला, तिचा, माझा, सगळ्यांचाच. जे कधी दारात आलंच नव्हतं ते नाकारल्याचा मान आबांनी आयुष्यभर सांभाळला होता, आणि त्यांना ते माहीत होतं का, हे आता मला कुणाला विचारता येणार नव्हतं.

पाहुणीने माझी बाही ओढली. काय म्हणाली ती? मी रशियनमध्ये शब्दाला शब्द सांगितलं.

"आमच्याकडे हे कुणी बोललं नाही," पाहुणी म्हणाली. "आम्ही गायी कापल्या आणि दारं लावून घेतली."

संध्याकाळपर्यंत आमची सगळी लावणी उरकली. दुसऱ्या दिवशी मावशीच्या शेताची पाळी होती. सकाळी निघताना भावजय उंबऱ्यात थांबली.

"ताई, आपला डबा घिऊ का बरुबर?"

"नको," मी म्हणाले.