चौदा मिनिटांचा पूल

कुठली बस कुठल्या मिनिटाला कुठल्या थांब्यावर असते, हे जिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं, त्या बाईला स्वतःच्या शहरात बसमध्ये पाय ठेवायची सोय उरली नव्हती. आगारात तिला मिनिटबाई म्हणत. शहर बस कंपनीच्या वेळापत्रक विभागात तिची अठरा वर्षं गेली. नवरा त्याच कंपनीत चालक. त्याला सगळे दादा म्हणत, आणि अगदी मनापासून म्हणत. कुणाची आई दवाखान्यात न्यायची असो, कुणाला पाळी बदलून हवी असो, दादा हजर. घरी आला की हाच दादा बायकोचं डोकं ओट्याच्या कडेवर आपटायचा.

ऑफिसात ती सांगायची, जिन्यावरून पडले. एकदा मनगट, एकदा दोन बरगड्या, एकदा कानाचा पडदा. राहायला तळमजल्यावर, आणि ही बाई वर्षातून दोनदा जिन्यावरून पडायची! कुणी विचारलं नाही. माणसं किती सोयीस्कर आंधळी होतात, याचा मला अजूनही संताप येतो.

पळायचा प्रयत्न तिने पूर्वी केला होता. मुलीला घेऊन बसने बहिणीकडे निघाली. तिसरा थांबा येण्याआधीच वाहकाने हसत हसत फोन लावला, "दादा, वहिनी माहेरी निघाल्या वाटतं. भांडलात की काय?" ती उतरली तेव्हा नवरा थांब्यावर उभा होता. मनगट गेलं ते त्या दिवशी. चौकीत गेली, तर साहेब म्हणाले, "दादा? आपला दादा?" आणि त्यांनीही फोन लावला. टॅक्सीवाले तर त्याच्याबरोबर एकाच टपरीवर चहा प्यायचे.

मग एका दुपारी जेवताना त्याने बायकोवर हात उगारला आणि मुलगी मध्ये पडली. पंधरा वर्षांची, पण घरात तिला अजून बारकीच म्हणत. किल्ल्यांचा जुडगा मुठीत तसाच ठेवून त्याने तिच्या तोंडावर ठोसा मारला. दाताचा तुकडा ताटात पडला. तो ताट बाजूला सारून पाणी प्यायला आणि म्हणाला, "बघ, तुझ्यामुळे काय झालं." मुलीला नाही, बायकोला. त्या क्षणी तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिने मनात अंतर मोजायला घेतलं.

शहराची हद्द सव्वीस किलोमीटरवर. हद्दीपलीकडे दुसऱ्या कंपनीच्या बस धावत, तिथे तो कुणाचाच दादा नव्हता. शाळेतल्या एका मैत्रिणीने तिथे खोली बघून ठेवली होती. प्रश्न एवढाच, की कंपनीच्या एकाही बसच्या काचेतून दिसायचं नाही आणि हद्द गाठायची. म्हणजे चालत.

ऑफिसच्या भिंतीवरचा मोठा नकाशा तिने पंधरा दिवस पिंजून काढला. शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाला सांगितलं, हौस म्हणून शहर पायी पार करायचंय.

"बाई, एवढं चालून होणार काय?"

"वजन कमी होईल."

"तुमचं? तुम्ही आधीच काडी!"

"डोक्यावरचं," ती म्हणाली. तो खो खो हसला.

अठरा वर्षं तिने एका बसला दुसरी बस गाठून दिली होती. आता उलटं काम. ज्या मिनिटांत रस्त्यावर एकही बस नाही, अशी मिनिटं ती शोधत होती. गल्लीबोळ, कालव्याची पायवाट, मालधक्क्यामागची भिंत असं करत करत तिने वाट जोडली. फक्त तीन ठिकाणी बसच्या रस्त्यावर यावंच लागत होतं: बाजाराचा चौक, रेल्वेचं फाटक आणि नदीवरचा पूल. चौक आणि फाटक मिनिटाभरात ओलांडण्यासारखे. पूल लांबलचक, पिशव्या घेऊन बारा मिनिटांचा. ती ऑफिसच्या बोळात फेऱ्या मारून पावलं मोजायची. अकरा वीस ते अकरा चौतीस पुलावर बस नव्हती. चौदा मिनिटं. दोन हातात राहत होती.

गुरुवारी नवरा पहाटेच्या पाळीवर गेला आणि सहाला मायलेकी निघाल्या. दोन पिशव्या, पाण्याची बाटली, मुलीच्या खिशात वाट आणि मिनिटं लिहिलेला, घडी घातलेला कागद. चौक निघाला, फाटक निघालं. कालव्याकाठी बारकी म्हणाली, "आई, तू शाळेत भूगोलाची बाई का नाही झालीस गं?" आणि मिनिटबाई कित्येक महिन्यांनी मोकळी हसली.

अकरा वीसला त्यांनी पुलावर पाय ठेवला. अकरा अठ्ठावीसला मागून बस आली.

इथेच ती चुकली, आणि अशी चूक फक्त वेळापत्रकवाल्यांनाच जमते. रस्त्यात खोळंबा झाला तर बसला उशीर लागू नये म्हणून प्रत्येक फेरीत ती सहा-सात मिनिटं ढिली सोडायची. रस्ता मोकळा मिळाला की चालक ती मिनिटं गिळायचे, गाडी पळवायचे आणि शेवटच्या थांब्यावर आरामात चहा प्यायचे. आगारातल्या पोऱ्यापासून साहेबापर्यंत सगळ्यांना हे ठाऊक होतं. बस कागदावरच बघणारीला ते कधी मोजावं लागलं नव्हतं.

बस शेजारी येऊन हळू झाली. चालक भला माणूस. "वहिनी! एवढ्या उन्हात पायी? बसा की!"

"नको भाऊ, जवळच जायचंय."

तो हसला, पुढे गेला. निघता निघताच त्याने फोन कानाला लावलेला तिला स्पष्ट दिसला.

पुलानंतर तीन किलोमीटर सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना कारखान्यांच्या भिंती, एकही गल्ली नाही. नवऱ्याची गाडी या वेळी मधल्या स्थानकावर. तिथून इथे एकोणीस मिनिटं. "पळ," ती म्हणाली. त्या पळाल्या. दम लागला, चालल्या, परत पळाल्या.

अठराव्या मिनिटाला, प्रवासी उतरवून रिकामी केलेली बस त्यांच्यापुढे आडवी येऊन थांबली. नवरा हातात लोखंडी टॉमी घेऊन उतरला, चाकाचे नट सोडवतात ती. वाहक दारातच थिजला.

"शहर पायी बघतेस?" असं म्हणून त्याने पहिला घाव तिच्या खांद्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज तिला आधी ऐकू आला, कळ मागून आली. ती भिंतीवर कोसळली. त्याने केस धरून तिचं तोंड विटांवर घासलं, एकदा, दोनदा, आणि तोंडाने शिव्या. "पाय तोडून घरी बसवतो. मग चाल."

त्याने टॉमी तिच्या गुडघ्यावर उगारली. बारकीने मागून येऊन त्याच्या मनगटाचा चावा घेतला, मोडक्या दाताने, आणि सोडलंच नाही. तो ओरडला. टॉमी डांबरावर पडली. त्याने दुसऱ्या हाताने पोरीला भिरकावून दिलं.

मिनिटबाईने चांगल्या हाताने टॉमी उचलली. पहिला फटका त्याच्या उजव्या गुडघ्यावर, ब्रेक दाबायच्या पायावर. तो बसकण मारून खाली आला. तेवढ्यावर काम झालं होतं. आता तो चालू शकत नव्हता, त्या चालू शकत होत्या. पण तिने दुसरा घातला. तिसरा घातला, हातावर. बोटं चेचल्याचा आवाज झाला आणि तिला बरं वाटलं, खरंच बरं वाटलं. अठरा वर्षं पोटात साचलेलं सगळं त्या हातातून उतरत होतं. चौथा डोक्यावर घालायला तिने हात वर नेला.

"वहिनी, मरेल तो!" वाहक किंचाळला.

"आई!" बारकी रडत ओरडली. "आई, बास!"

हात वरच थांबला. मग तिने टॉमी भिंतीपलीकडे फेकली आणि वाहकाला म्हणाली, "याला दवाखान्यात ने. आणि आता लाव हव्या त्याला फोन."

उरलेले किलोमीटर कसे गेले ते तिला पुढे आठवलं नाही. तोंडातलं रक्त थुंकत, मोडक्या खांद्याचा हात ओढणीने गळ्यात बांधून ती चालली. बारकी दोन्ही पिशव्या घेऊन चार पावलं पुढे. हद्दीची पाटी आली, पाटीपलीकडे निळ्या रंगाची बस उभी होती. वाहक अनोळखी. त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं, काही न विचारता पुढची सीट रिकामी करून दिली. बस सुटली. कुणी फोन केला नाही.

मुलीच्या कपाळावर केस चिकटले होते, भुवईपाशी खरचटलं होतं. केस मागे सारावेत म्हणून मिनिटबाईने हात उचलला.

बारकीने झटकन दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि खिडकीकडे अंग चोरलं.

हे अंग चोरणं आईच्या ओळखीचं होतं. फक्त आजवर ते बापासाठी असायचं. आपली पोर आपल्याला घाबरली, हे कळल्यावर तिला जे वाटलं, ते खांद्याच्या हाडापेक्षा जास्त दुखलं. तिने हात सावकाश स्वतःच्या मांडीवर ठेवला, तळवा वर करून.

"मी आहे गं," ती म्हणाली.

"माहितीय," बारकी म्हणाली. पण हात खाली घ्यायला तिला दोन थांबे लागले.