आई नेमकं काय करते

माझ्या धाकट्या बहिणीला समाजकार्याचं पुढचं शिक्षण घ्यायचं होतं आणि ते एका शिष्यवृत्तीवर अवलंबून होतं. अर्जात आपल्या घराविषयी इंग्रजीत दीडशे शब्द लिहायचे होते. शेवटचा दिवस, मुदत दुपारी चारपर्यंत. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. जामखेडला कॉलेजात असताना एका सरांनी मला तास संपल्यावर थांबवून इंग्रजी शिकवलं, ते उपकार मी विसरणार नाही. पण त्यामुळे गावातला प्रत्येक इंग्रजी कागद माझ्यापुढे येतो, आणि त्या दिवशी तर मी सकाळपासून एकाच वाक्यापाशी अडकून बसलो होतो.

वडील ऊस तोडतात आणि आई त्यांना मदत करते, एवढंच सांगायचं होतं. आधी 'हेल्प' लिहिलं. फार शाळकरी वाटलं. मग 'असिस्ट'.

"दादा, असिस्ट डॉक्टरला करतात," बहीण म्हणाली. "उसाच्या फडात कोण असिस्ट करतं?"

'सपोर्ट' लिहिलं.

"हे म्हणजे आई बांधावर उभी राहून टाळ्या वाजवतेय."

'एड' सुचलं, तर मोबाईलवरच्या डिक्शनरीत त्याखाली दुष्काळी मदतीचं उदाहरण. माझं डोकंच फिरलं. एका मदतीसाठी या भाषेने इतके शब्द कशाला करून ठेवलेत? आणि त्यातला कुठला अर्ज वाचणाऱ्या साहेबांना पटेल, हे आम्हाला कोण सांगणार?

आई ओसरीत ज्वारी पाखडत होती. "एवढं काय अडलंय रं?"

"तू आण्णांना मदत करतेस, ते लिहायचंय."

तिने सूप खाली ठेवलं. "कसली मदत?"

"ऊस तोडायला."

"आन् मी काय बघत बसती व्हय? ऊस त्यांनी तोडायचा, म्या बी तोडायचा. मोळ्या म्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन गाडीत म्या चढवायच्या. मुकादम हिशेबात नवरा-बायकू मिळून एक कोयता धरतो. त्यात मदतीचा कोण हाय, सांग की!"

लहानपणी कितीतरी हंगाम मी त्याच फडात होतो. मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढणारी आई मी रोज पाहिली होती. तरी सकाळपासून 'मदत' हा शब्द मला एकदाही खटकला नव्हता. चूक मराठीत विचार करतानाच झाली होती आणि राग मी इंग्रजीवर काढत होतो.

वाक्य खोडलं आणि 'माझे आई-वडील ऊस तोडतात' असं सरळ लिहिलं.

"आन् मोळ्यांचं?" आई म्हणाली.

मोळीला 'बंडल' की 'बंच' यावरून आमची पुन्हा वीस मिनिटं गेली. शेवटी मी अर्ज बहिणीपुढे सरकवून ओरडलोच, "बंडल लिही आणि संपव बाई एकदाचं!"

तिने लिहिलं. पण आता दीडशेच्या वर अकरा शब्द झाले होते. बहिणीने मजकूर वरखाली केला, आणि 'मोठ्या भावाने मला शिकवलं' हे शेवटचं वाक्य माझ्याकडे न बघताच काढून टाकलं. चाराला दहा मिनिटं कमी असताना अर्ज गेला.