समासातले भांडण

आमच्या सुमतीला पाहायला येणाऱ्या मुलाने कादंबरी लिहिली आहे, ही गोष्ट मला ती कादंबरी तीनदा वाचून झाल्यावर कळली.

लढाईचे दिवस होते. मी साताऱ्याच्या मोजणी कचेरीत होतो. गावातल्या वाचनालयात ‘कॉलेज-जीवनावरील’ म्हणून एक नवी कादंबरी आली. लेखकाने टोपणनाव घेतले होते. गोष्ट सांगलीच्या एका कॉलेजातली. मेसमधली आमटी, परीक्षेच्या आधीची रात्र, म्हाताऱ्या मास्तरांचा निरोपसमारंभ, हे सारे इतके चांगले होते की मास्तरांच्या पानावर मी समासात लिहिले, ‘येथे डोळ्यांत पाणी आले.’ खाली सही केली आणि तारीख घातली. (कागद मिळत नव्हता, म्हणून समास. आणि निनावी शेरे मारणाऱ्यांचा मला मनस्वी तिटकारा.)

पण नायिका आली आणि पुस्तकाचा तोल गेला. नायक पाच महिन्यांत दोन वर्षांचा अभ्यास उरकतो. वसतिगृह दुमजली, चिठ्ठी पडते तिसऱ्या मजल्यावरून. पान एकशे वीस ते एकशे चाळीस एवढ्यात एकाच महिन्यात तीन पौर्णिमा! नायकाचे उसासे मोजले, ते एकसष्ट भरले. प्रत्येक ठिकाणी मी शेरा लिहिला आणि सही केली.

महिन्याने पुस्तक सहज चाळायला घेतले, तर माझ्या शेऱ्यांखाली जांभळ्या शाईत उत्तरे! तीन पौर्णिमांखाली लिहिले होते, ‘प्रेमात पडलेल्या माणसाला महिन्याचे भान नसते. शेरा लिहिणाऱ्या गृहस्थांना हे कळणे कठीण.’ मी पुस्तक घरी आणले आणि खाली लिहिले, ‘चंद्राला असते. आपण कोण? सही करावी.’ पुढच्या खेपेला उत्तर आले, ‘सही केल्याने मत शहाणे होत नाही.’ कोणी रिकामटेकडा कॉलेजकुमार असणार, असे मी जेवताना आठ दिवस बोलत होतो. सुमती खाली मान घालून वाढत होती.

त्यातच सांगलीचे स्थळ आले. मुलगा प्राध्यापक, घरचे लोक चांगले. याआधी दोन ठिकाणांहून नकार आलेला, त्यामुळे आमच्या मंडळींनी मला बजावले होते, “अहो, आज कुणाचं काही चुकलं तरी काढायचं नाही.”

पाहुणे चारला यायचे होते. पण कोळशाच्या गॅसवर चालणारी सांगलीची प्रवासी मोटार, जिने कधी वेळ पाळली नव्हती, ती नेमकी त्या दिवशी लवकर पोहोचली. मुलगा आणि त्याचे वडील भलत्या वेळी दारात नको, म्हणून वाचनालयात जाऊन बसले. मुलाने आपली कादंबरी कोणी वाचते का, अशी चौकशी केली. वाचनालयाचा शिपाई गणपा उंब्रजकडचा, मनाने उदार. त्याने प्रत हातातच दिली.

“लय वाचत्यात, साहेब. ह्यो बघा, एका मानसानं तर पानापानावर लिवलंय. सही बी हाय. आवं, ते हितंच ऱ्हात्यात, चला दावतो की.”

चारला दारात गणपा उभा. त्याच्या मागे मुलगा, आणि मुलाच्या काखेत ते पुस्तक.

पोहे आले. मुलाने पुस्तक उघडून माझ्यापुढे ठेवले आणि हे अक्षर आपलेच का, असे विचारले. मी हो म्हटले. मग ही कादंबरी त्याची आहे, हेही त्याने शांतपणे सांगितले. मी मास्तरांचे पान शोधू लागलो. घाईत तिन्ही पौर्णिमा सापडल्या, ते सापडेना.

“आणि ही जांभळी शाई कुणाची?” त्याने विचारले.

“माझी,” सुमती म्हणाली.

वाचनालयात बायकांचा वार मंगळवार, आणि सुमती तो कधी चुकवत नसे. म्हणजे मी महिनाभर पोटच्या पोरीशी भांडत होतो, आणि तेही हरत होतो!

“म्हणजे तुम्हाला पुस्तक आवडलं,” मुलाचा चेहरा जरा उजळला.

“पहिली शंभर पानं फार आवडली. अण्णांचे आकडेही बरोबरच आहेत, पण ते समासात कशाला कबूल करायचं? खरी चूक त्यांना दिसलीच नाही. तुमची नायिका दोनशे पानांत स्वतःचं एक मत सांगत नाही. नुसती पदर सावरते.”

आमच्या मंडळींनी डोळे मिटून घेतले. मुलाचे वडील पोह्यांतला एकेक दाणा वेगळा काढत बसले. मुलाने समोरचे उघडे पान पुन्हा वाचले, मग नायिका कुठे बोलायला हवी होती ते सुमतीला विचारले, आणि तिने पानांचे नंबर सांगितले. पाऊण तास दोघे पुस्तकावर वाद घालत होते. तिसरेही स्थळ गेले, असे धरून मी पानसुपारीचे तबक पुढे केले.

आठव्या दिवशी सांगलीहून पत्र आले : ‘मुलगी पसंत आहे. तिच्या वडिलांविषयी मात्र विचार करण्यास थोडा अवधी हवा.’

आता मला दोन नातवंडे आहेत. जावईबापूंचा विचार अजून चालूच आहे.