परातीतला वड

“हात काढ बे! तिथं हात लावू नको म्हणतो ना मी!” भगवंता माझ्यावर असा ओरडला, की जानेफळच्या बाजारातले बैल जागीच थबकले आणि डोणगावच्या वेशीवरची कुत्री भुंकायला लागली. मी केलं होतं एवढंच, की त्याच्या वडाच्या बुंध्यावरचं शेवाळ नखाने जरा बाजूला सारलं होतं. ही आमची शेवटची भेट. फणफणत मी दुसरबीडला परतलो, आणि श्रावणात पोस्टकार्ड आलं... तापाचं निमित्त होऊन भगवंता तीन दिवसांत गेला. भांडण अर्ध्यावर टाकून उठायची त्याला खोडच होती.

वड म्हणजे केवढा? गुडघ्याला लागेल एवढाही नाही. भगवंता जानेफळच्या शाळेत हेडमास्तर. जपानी लोकांच्या बुटक्या झाडांचं चित्र त्याने कुठल्याशा मासिकात पाहिलं आणि शाळेच्या भिंतीत उगवलेलं वडाचं रोप घरी आणलं. वहिनींच्या लग्नातल्या पितळी परातीला खिळ्याने भोकं पाडून ते तिच्यात लावलं. वहिनी महिनाभर त्याच्याशी बोलल्या नाहीत. अठरा वर्षं तो त्याची मुळं कातरत आणि शेंडे खुडत राहिला. सावली दोन मुंग्यांना पुरेल एवढी; पण त्या सावलीत डेप्युटी कमिशनरसाहेब टोपी काढून टेकले होते, असं तो सांगे. मी ते फक्त थोडं वाढवून सांगतो.

पुढे वहिनी विहिरीच्या पायरीवरून पडल्या आणि पाय अधू झाला. मोठा वड नाल्यापलीकडे. त्या वटपौर्णिमेला पूजेचं ताट मांडीवर घेऊन त्या ओसरीतच रडत बसल्या. भगवंताने परात उचलून त्यांच्यापुढे ठेवली. म्हणाला, “तुले वडाकडं जाता येत नाही, तं वड तुह्याकडं आला.” प्रदक्षिणेचं काय? त्यावरही त्याने तोड काढली. वहिनींनी सूत धरून बसायचं आणि याने समोर बसून परात फिरवायची. सात फेरे! गल्लीतल्या बाया पदर तोंडात कोंबून हसल्या, आणि पुढच्या वर्षी त्यांतल्याच दोघी गुडघे दुखतात म्हणून ओसरीत हजर. “लेका, स्वतःचं आयुष्य स्वतःच फिरवून घेतोस,” असं मी चिडवायचो. तो हसायचा आणि परात फिरवायचा.

मग गेल्या वर्षी झाडाने मान टाकली. पानांच्या कडा चुलीवर धरल्यासारख्या करपल्या, पानं पिवळी पडून गळू लागली, फांद्या शेंड्याकडून खाली वाळत आल्या. मी शेतकी खात्यात बियाण्याच्या पोत्यांवर चिठ्ठ्या चिकटवणारा माणूस. पण गावाला वाटे, मी झाडाची नाडी बघतो, आणि मीही ते कधी खोडलं नाही. आधी मी निदान केलं, पाणी जास्त झालंय. पाणी तोडलं, काही नाही. मग म्हटलं, पितळ कळकलंय. झाड उपसून परात चिंचेने घासली. मुळं बघावी तर दातासारखी पांढरी, निरोगी. मग कीड. तंबाखूचं पाणी उकळून फवारलं; झाड ढिम्म, गल्ली मात्र आठवडाभर शिंकत होती. मग ऊन म्हणून गोणपाटाचा पडदा. भगवंताने सगळं मुकाट्याने केलं... अन् मला संशय येऊ नये? माझं ऐकून जगात कोणी मुकाट्याने काही केलेलं नाही! बुंध्याच्या तळाशी हिरवीगार फूट येत होती, ती तो माझ्यासमोर दर खेपेला खुडायचा. “खालची फूट ताकद खाते बे,” म्हणायचा, आणि मी शहाण्यासारखी मान डोलवायचो. याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो.

तेरावा झाल्यावर मी गेलो. वड ओसरीतच, तिवईवर. सहा पानं उरलेली. ओरडायला कोणी नव्हतं. मी शेवाळ सारलं. त्याखाली हळदकुंकवाने दगडासारखं झालेलं सूत, वर्षानुवर्षांचे वेढे, सालीत रुतून बसलेलं. बोटाला दोरा काचावा तसं. वेढ्याच्या वरचा बुंधा सुजलेला आणि वरचं सगळं मरणाला टेकलेलं, खालचं हिरवं. एक पातं आणि पाच मिनिटांचं काम! आणि ते शेवाळ तिथं आपसूक आलेलं नव्हतं, बोटाने दाबून बसवलेलं होतं.

म्हणजे त्याला माहीत होतं. बायकोने बांधलेलं सूत याला तोडवेना, आणि त्या सुतानेच झाड मरतंय हे तिला कळू नये, म्हणून या माणसाने मला वर्षभर परात घासायला लावली. मला सांगितलं असतं तर मी गुपचूप कापलं नसतं? ...नसतं. कापलं असतं, पण गुपचूप नाही. संध्याकाळपर्यंत अख्ख्या मेहकर तालुक्याला कळलं असतं, वर माझी फोडणी घालून. हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

वहिनी उंबऱ्याशी पाय पसरून बसल्या होत्या. मला थाप सुचेना. सूत काचलंय, म्हणून सांगितलं, आणि कापू का, असं विचारलं. त्यांनी झाडाकडे पाहिलंही नाही.

“कापा भाऊजी,” त्या म्हणाल्या. “आता त्याचं काम नाही.”