लांडग्यांच्या दारी लुपू

धामणगाव रेल्वेच्या खुशालराव लांडग्यांना नुसतं आडनाव सांगावं. ते गाव, कुळदैवत, मामेकूळ सगळं घडाघडा सांगत. सोयरिकी जुळवणं हा त्यांचा धंदा नव्हता, हौस होती. कापूस मातीमोल झालेल्या त्या वर्षांत शेती करणाऱ्या पोरांना कुणी मुलगी देईना. तेव्हा हा माणूस घरोघर जाऊन त्या पोरांची बाजू मांडायचा. नियम मात्र एक, आणि तो कडक: एका कुळात लग्न नाही. अकोल्याला तर साखरपुडा झाल्यावर त्यांनी एक लग्न मोडायला लावलं होतं.

त्यांची पुतणी साधना पुण्याला कंपनीत होती. वडील गेल्यापासून तिला मोठेबाबाच वडील. ती तिथल्याच एका रोमानियाच्या मुलाला, मिहाईला, घेऊन आली आणि म्हणाली, "मोठेबाबा, तुमी हो म्हटलं तरच."

देश, धर्म, जेवणखाण, सगळ्याची उत्तरं तिनं तयार ठेवली होती. खुशालरावांनी पोराला चहा दिला आणि विचारलं, "आडनाव?"

"लुपू," मिहाई म्हणाला.

"म्हंजे?"

साधना अडखळली. "लांडगा."

खुशालरावांनी कपबशी खाली ठेवली. "मंग जमत नाई. लांडग्यालांडग्यात लगन नाई."

"अवो, तो सातासमुद्रापलीकडचा हाय!"

"गेले असतीन आपलेच कोनी."

शेजारच्या मनकर्णाबाई मोहोड ओट्यावर बसल्या होत्या. "भाऊजी, तुमचं नाक दिसून राह्यलं का त्याले, का तुमचा रंग?"

खुशालराव हसले नाहीत. "मामेकूळ?"

आईचं माहेर हंगेरीकडचं, कोवाच, म्हणजे लोहार. आजीचं मोरारू, पीठ दळणारे. शेजारी साबो, शिंपी. खुशालराव खुलत गेले. "बाप्पा! गाव आपल्यासारखंच हाय की!" पण लुपूपाशी येऊन पुन्हा थांबले. साधनाचे डोळे भरले.

"नाव पडलं कसं, ते इचार त्याले," खुशालराव तिला म्हणाले.

मिहाई सांगत गेला, साधना मराठीत सांगत गेली. त्याच्या एका पूर्वजाची आधीची भावंडं जगली नव्हती. तोही आजारी पडला, तेव्हा आईनं त्याला खिडकीतून शेजारणीला विकलं. तिची लेकरं धडधाकट होती. तिनं त्याचं नाव ठेवलं लुपू. लांडगा म्हटल्यावर दुखणं जवळ येणार नाही. पोर जगलं, आणि पुढं तेच आडनाव झालं.

"अगबाई! माह्या भावाले नाई का सूपभर कोंड्यावर इकलं?" मनकर्णाबाई म्हणाल्या. "म्हनून तर तो कोंडू."

खुशालरावांनी खिडकीकडं पाहिलं. मग उठले. "इकलेलं लेकरू घेनाऱ्याच्या कुळात जाते. मनकर्णाबाई, मूठभर ज्वारी घ्या अन् तुमच्या गोठ्यात जा."

मोहोडांच्या गोठ्याची खिडकी बिनगजाची होती. खुशालरावांनी मिहाईला तिच्यातून आत सारलं. पोरगा उंचापुरा, खांद्याशीच अडकला. साधनानं मागून रेटा दिला, आतून मनकर्णाबाईंनी ओढलं, आणि तो वैरणीवर धपकन पडला. खिडकीतून बाहेर आलेली ज्वारी खुशालरावांनी ओंजळीत घेतली. "आता हा मोहोड. मोहोडांत आपल्या सोयरिकी व्हतात."

त्यांनी ज्वारी साधनाच्या पदरात टाकली, टोपी नीट केली आणि वळसा घालून मोहोडांच्या पुढच्या दारी गेले. मुलीकडच्यानं मुलाच्या दारी जायचं असतं.

"बाई," त्यांनी हात जोडले, "तुमच्या मुलासाठी आमची पोट्टी हाय. पाहता का?"

मनकर्णाबाईंनी डोक्यावरचा पदर सावरला आणि दारातच ठाण मांडलं. "पाहू ना. पन पोराले नोकरी हाय बरं आमच्या. भाकरी तरी येते का तुमच्या पोरीले?"