आपला सण उद्या

काकूच्या घरी प्रत्येक सण एक दिवस उशिरा येतो. ज्या दिवशी रस्त्यावरच्या सगळ्या खिडक्यांतून तळणाचा वास येत असतो, त्या दिवशी तिचा गॅस बंद असतो. ती दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरांत उभी असते. थंडीतला मोठा सण असो, नव्या वर्षाचा असो की पीक घरात आल्यावरचा, लोक तिला फार आधीपासून सांगून ठेवतात. एका घरी मटण शिजवायचं, दुसऱ्या घरी भात दमाला लावायचा, तिसऱ्या घरी कुणाचं तरी बिघडलेलं सावरून द्यायचं. काका तिची मोठी पातेली उचलायला बरोबर असतात. संध्याकाळी दोघं पाय ओढत परततात. जिन्यात कुणी विचारलं, "काय, झाला का सण?" तर काकू म्हणते, "त्यांचा झाला. आपला उद्या."

समोरच्या दारातल्या बाई एकदा हळहळल्या, "बिचारी, सणासुदीलासुद्धा राबते."

"बिचारी कोण?" काकू जिन्यातूनच म्हणाली. "तुम्ही सण एकदा करता. मी दोनदा करते."

हा दुसरा सण कसा सुरू झाला, ते सगळ्या इमारतीला माहीत आहे. तळमजल्यावरचा बसचा ड्रायव्हर एकटा राहतो. एका सणाला तो ड्यूटी संपवून आला, तर सगळी दुकानं बंद. तो पायरीवर बसून चहात पाव बुडवून खाताना काकूला दिसला आणि ती एवढंच म्हणाली, "उद्या वर या." पुढच्या सणाला तो आपल्याबरोबर मागच्या गल्लीतल्या नर्सला घेऊन आला. मग ज्याला ज्याला सणाच्या दिवशी सुट्टी नसते, तो दुसऱ्या दिवशी काकूकडे जेवू लागला. आमंत्रण कुणाला नसतं. तरी कुणी चुकत नाही, आणि काकूनंही तो दिवस कधी चुकवलेला नाही. आजारी असताना तिनं खुर्चीवर बसून भाजी ढवळली आहे.

या जेवणाची तयारी ती आदल्या दिवशी, म्हणजे सणाच्या पहाटेच, कामाला निघण्याआधी करून ठेवते. मोठ्या कढईत कांदा परतायचा, तोही इतक्या मंद आचेवर की बघणाऱ्याला वाटावं, गॅस संपत आलाय. "घाईनं परतला की रंग येतो, चव येत नाही," हे तिचं वाक्य मी लहानपणापासून ऐकतेय. अर्धा कांदा कामाच्या घरी जातो. अर्धा झाकून ठेवायचा, शेजारी मसाला लावलेलं मटण, आटवलेलं दूध. त्याला कुणी हात लावत नाही.

यंदा वहिनीनं लावला.

काकूच्या मुलाचं, म्हणजे दादाचं, लग्न होऊन चारच महिने झाले होते. वहिनी चष्म्याच्या दुकानात काम करते. तिला सणाची सुट्टी होती. दादा वीजकेंद्रात ड्यूटीवर, काका-काकू कामावर. ओट्यावर सगळी तयारी झाकलेली बघून तिला वाटलं, आईंनी आपल्यासाठीच ठेवलंय, तोंडानं सांगायला संकोचल्या असतील. तिनं मन लावून सगळं शिजवलं. तिच्या माहेरच्या रीतीप्रमाणे मजल्यावरच्या प्रत्येक घरी ताट दिलं. घरच्या चौघांपुरतं बाजूला काढलं आणि टेबल मांडून वाट बघत बसली.

पुढचं मला काकांनी सांगितलं, आणि काका तिखटमीठ लावल्याशिवाय काही सांगत नाहीत. तरी एवढं खरं असणार की काकू दारातून थेट ओट्याशी गेली, आणि एकेक झाकण उचलून पाहू लागली. सणानंतर बाजार दोन दिवस उघडत नाही. उद्या माणसं येणार आणि पातेली रिकामी.

काकांनीच वहिनीला उद्याचं सगळं सांगितलं. ती काकूकडे वळली. "आई, मला खरंच माहीत नव्हतं."

"वाढ," काकू म्हणाली.

ती जेवायला बसली. सणाच्या दिवशी आपल्याच घरी, कुणीतरी वाढलेलं गरम ताट. दोन घास खाऊन विचारलं, "कांदा पुन्हा परतलास?"

"नाही. तुमचाच होता. नुसता गरम केला."

"आणि मीठ?"

"मी घातलं."

"बरोबर आहे."

"बरोबर आहे!" काका मला सांगताना हात जोडत होते. "माझ्याबद्दलसुद्धा आजवर कधी म्हणाली नाही गं!"

मग हात धुताना काकूनं सुनेला सांगितलं, "उद्या माझी माणसं जेवायला येणार. तू संपवलंस, तूच उभं करायचं. मी कांदा परतून देईन."

"मला जमेल का, आई?"

"आजचं कुणी केलं मग? मांजरानं?"

मी दर सणाला दुसऱ्या दिवशीच जाते. यंदा गेले तेव्हा वहिनी गॅससमोर होती आणि काकू खुर्चीवर. घरात होतं ते सगळं ओट्यावर आलं होतं: बटाटे, डाळ, अंडी, तांदूळ. नर्सनं येताना दूध आणलं. काकूचा हात सारखा पातेल्यातल्या डावाकडे जात होता आणि ती तो मागे घेऊन पदराला पुसत होती. नाव तिचं होतं, इतक्या वर्षांचं, आणि डाव दुसरीच्या हातात.

मंडळी बसली. आजवर मटण वाढलं जायचं तिथे अंड्यांचा रस्सा आला. ड्रायव्हरनं पहिला घास घेतला, थांबला, आणि काकूकडे बघितलं.

"ताई, हा हात तुमचा नाही."

वहिनीचा डाव पातेल्यातच राहिला. नर्सनं त्याला कोपर मारलं.

काकू खुर्चीत ताठ बसली. मोठ्या घरांतून कुणी तिची तारीफ केली की ती अशीच बसते.

"नाही," ती म्हणाली. "माझ्या सुनेचा आहे."

"तरीच," ड्रायव्हर म्हणाला आणि ताट पुढे केलं. "तुम्ही रस्सा इतका सढळ कधी वाढत नाही."

हसण्याच्या गलक्यात काकू उठली. वहिनीच्या हातातून डाव घेतला, शेजारची खुर्ची पायानं ओढली.

"बस आता," ती म्हणाली. "आपला सण आहे आज."