बांधावरची सहा घरं

१९२७ साली पाऊस सरल्यावर राही घाटावरून धरमतरच्या खाडीकाठी मिठागरावर कामाला आली. ती विधवा. तिच्याबरोबर आणखी पाच घरं होती. गावाने त्यांना एका कडेला झोपड्या घालू दिल्या. नावं मात्र कोणी विचारली नाहीत. सगळ्यांना मिळून ‘घाटी’ म्हणत.

गावची भातशेती भरतीच्या पातळीखाली. मातीचा बांध होता म्हणून ती होती. बांधाचा एकेक तुकडा एकेका घराकडे असे. कुठे फुटलाच तर पंच घराघराच्या नावाने हाक देई आणि ते घर चिखलाची पाटी घेऊन धावे. ज्याला हाक, तो गावकरी.

पाच वर्षांनी पंच अंबाजीने निरोप धाडला, “होळी झाली की झोपड्या उचला. बांध न राखणाऱ्याला गावात जागा नाय.”

राही सरळ त्याच्या ओटीवर गेली. “मग द्या की बांध, दादा. न देताच कसा राखू?”

“खाडीच्या वळणावरचा घे. दर उधाणाला फुटतो तो.” अंबाजी हसला. “झेपेल का गो?”

“बघा तुमी.”

सहा घरांनी डोंगरातल्या सवयीने दगडांची भिंत रचली. पंधरा दिवसांत ती गाळात खचली. गाव बघायला लोटला.

“अगो, डोंगर बुडवलास की!” गावातली वेणूबाई ओरडली.

“बुडू दे. पाया झाला,” राही म्हणाली. त्या दगडांवर तिने गावच्या रीतीने चिखल चढवायला घेतला.

होळीच्या पुनवेला भर दुपारी उधाण आलं. वळण टिकलं, फुटला तो अंबाजीचाच तुकडा. त्याने घराघराला हाका दिल्या. घाट्यांना दिली नाही. तरी सहाही घरं भरल्या पाट्या डोक्यावर घेऊन येऊन उभी राहिली.

“टाका की! पाणी शेतात चाललंय!”

“हाक द्या. मग टाकतो,” राही म्हणाली.

“राहीचं घर!” अंबाजी ओरडला.

“आन् बाकीची पाच?”

अंबाजीला एकही नाव ठाऊक नव्हतं.

“म्हना माज्यामागं,” राही म्हणाली. “कोंडाजीचं घर.”

“कोंडाजीचं घर!” एक पाटी पडली.

“मोरूचं. रंगूचं. गुणाजीचं. सोनाबाईचं.”

अंबाजी एकेक नाव ओरडत गेला. शेवटची पाटी राहीने टाकली.

होळीनंतर झोपड्या जागच्या हलल्या नाहीत.